एका वहीतील जपान

मार्केट यार्डातील फळबाजारात आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थांनी आपली एक वही अभिप्रायासाठी आमच्याकडे धाडली आहे. वहीवर नाव आहे 'जपानात आगगाडीने एक दिवस'. पाने चौसष्ट. गृहस्थ पन्नाशीच्या आतले, शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपर्यंत, आणि लेखनाचा यापूर्वीचा अभ्यास म्हणजे रोजची हिशोबपट्टी. प्रवासी मंडळींबरोबर ते सहकुटुंब जपानास गेले होते. ओसाका येथे एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा बाकीची मंडळी खरेदीस गेली आणि हे एकटेच सकाळची गाडी धरून ओकायामा या शहरी जाऊन रात्री परतले. तेवढ्या एका दिवसाची ही हकिकत आहे. ती छापावी की नाही, इतकेच त्यांनी आम्हांस विचारले आहे. प्रश्न साधा खरा; परंतु वही वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, याचे उत्तर द्यावयाचे तर एका वहीचा विचार करून भागणार नाही. जपानविषयी लिहिण्याची जी एक रीत आपल्याकडे पडून गेली आहे, तिचाच विचार करावा लागेल. म्हणून हे उत्तर खाजगी पत्रातून न देता, त्यांच्या अनुमतीने, येथे देत आहोत.

ओकायामाच का, हे वहीच्या पहिल्याच पानावर सांगितले आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जे उद्यान आहे, ते ओकायामा येथील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. वहीकर्त्यांचे वडील गाळा मुलाच्या हवाली केल्यावर रोज या उद्यानात फिरावयास जात आणि मूळ बाग कशी असेल, असे घरी बोलून दाखवीत. ती पाहावयाचे त्यांचे राहून गेले. हे सारे वहीत चार ओळींत आले आहे, आणि चारही ओळी चांगल्या आहेत. त्यांत विशेषण एकही नाही. वाचकाने पुढचे पान उलटावे, एवढे सामर्थ्य त्यांत खचित आहे.

पुढचे पान उलटले मात्र, आणि आडतदार नाहीसे होऊन त्यांच्या जागी कोणी भलतेच गृहस्थ बोलू लागले! गाडी ठरल्या मिनिटास सुटली, ठरल्या मिनिटास पोहोचली. फलाटावर कागदाचा कपटा नाही. डब्याची दारे जेथे यावयाची तेथे जमिनीवर खुणा केलेल्या आणि त्यांवर लोक रांग धरून उभे. डब्यातून बाहेर पडताना सेवक प्रवाशांकडे तोंड करून मान लववितो. हे सर्व खरे आहे, यांत शंका नाही. परंतु हे आम्ही किती वेळा वाचले आहे! नावगाव झाकून ही वीस पाने दुसऱ्या कोणाच्याही प्रवासवर्णनात घातली, तर सांधा दिसणार नाही. 'अप्रतिम' हा शब्द या पानांत सतरा वेळा आला आहे. फळाच्या पेटीवर सतरा चिठ्ठ्या चिकटविल्या म्हणून आतल्या मालाची प्रत वाढत नाही, हे फळांच्या व्यापाऱ्यास आम्ही सांगावयास हवे असे नाही.

ही पाने केवळ शिळी असती तर आम्ही ती काढून टाका म्हटले असते आणि विषय संपविला असता. पण त्यांच्या शेवटी एक वाक्य आहे, ते मात्र सोडून देता येत नाही. वहीकर्ते लिहितात, "आमच्या यार्डात असे कधी व्हायचे नाही. आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही." जपान पाहून आलेल्या सुशिक्षित मराठी माणसाच्या तोंडी हे वाक्य हटकून येते. ते नम्रतेचे वाक्य वाटते. पण ज्याच्या तोंडी ते असते, तो 'आपले लोक' म्हणताना बहुधा स्वतःस वगळून बोलत असतो. हे वाक्य खोटे कसे, ते जरा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

प्रथम रक्ताची गोष्ट घेऊ. बोरीबंदरावरून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १८५३ साली. १८५८ मध्ये रूळ पुण्यास येऊन पोहोचले. जपानात शिम्बाशी ते योकोहामा हा पहिला लोहमार्ग सुरू झाला १८७२ साली. म्हणजे ज्या काळी पुणेकर चौदा वर्षे आगगाडी पाहून सरावले होते, त्या काळी जपानी माणूस ती प्रथम पाहत होता. वेळेचे म्हणाल तर १८७३ च्या आरंभापर्यंत जपानात व्यवहारात चालणारा तास ऋतूप्रमाणे लांब-आखूड होत असे. दिवसाचे सहा भाग, रात्रीचे सहा. उन्हाळ्यात दिवसाचा भाग मोठा, हिवाळ्यात लहान. अशा गणनेत मिनिटास काय मोल असणार? १८५७ साली नागासाकीस आलेला काटेन्डाइके नावाचा डच नौदल अधिकारी तर, या लोकांस वेळेची पर्वा नाही, सांगितलेले सामान भरतीच्या वेळी येत नाही, कारागीर एकदा तोंड दाखवून पुन्हा फिरकत नाही, अशी तक्रार लिहून गेला आहे. आज आपण जे त्यांच्या रक्तातले समजतो, ते त्यांच्या पणजोबांच्याही रक्तात नव्हते. ते शाळेने, कारखान्याने, सैन्याने आणि रेल्वेच्या वेळापत्रकाने दोन-तीन पिढ्यांत घडविले. घडविलेली वस्तू कशी घडविली ते पाहता येते आणि आपल्या सोयीप्रमाणे उचलताही येते. रक्तातली मानली की दोन्ही मार्ग खुंटतात व केवळ नमस्कार करणे उरते.

असे उचलल्याचे उदाहरण आमच्या पुण्यातच आहे. १९०१ साली तोक्यो येथे स्थापन झालेल्या स्त्रियांच्या विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका १९१५ च्या सुमारास धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. ती वाचून त्यांनी जपानी स्त्रीच्या उपजत सद्गुणांवर लेख लिहिला नाही. १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ काढले. ते तोक्योचे विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते मागाहून, आपल्या जगप्रवासाच्या शेवटी, १९३० साली. त्यांनी आधी वाचून घेतले आणि नंतर जाऊन पाहिले. हल्ली जाऊन पाहणारे पुष्कळ झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घेण्याजोगे काय, हा प्रश्न विचारणारे त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट किमतीची. हिशोबपट्टीत मालाचे वजन व भाव लिहून कोणी थांबत नाही. हमाली, तोलाई वजा जाता हाती काय उरले ते लिहिल्यावाचून पट्टी पुरी होत नाही. वहीकर्त्यांनी जपानी वक्तशीरपणाची जी पट्टी केली आहे, तीत वजावटीचा रकानाच नाही. त्यांची शिंकान्सेन गाडी ओसाकाहून निघाल्यावर काही मिनिटांत आमागासाकी या शहरातून गेली असणार. त्याच शहरात, दुसऱ्या एका मार्गावर, २५ एप्रिल २००५ रोजी सकाळी एक स्थानिक गाडी रुळांवरून उडून शेजारच्या इमारतीवर आदळली आणि चालकासह १०७ माणसे दगावली. चालक तेवीस वर्षांचा होता. मागल्या स्थानकात गाडी थांबण्याच्या जागेपुढे गेल्यामुळे सुमारे दीड मिनिट उशीर झाला होता. ज्या वळणावर ताशी ७० किलोमीटरची मर्यादा होती, तेथे त्याने गाडी ११६ च्या वेगाने घातली. उशीर करणाऱ्या चालकांस 'पुनर्शिक्षणा'च्या नावाखाली जी अपमानकारक शिक्षा दिली जाई, तिची धास्ती या अपघातामागे होती, असे चौकशीत पुढे आले. याचा अर्थ वक्तशीरपणा वाईट, असा करणारा माणूस मूर्ख ठरेल. शिंकान्सेनचे नाव याच्याशी जोडणेही अन्यायाचे होईल; १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती सुरू झाली तेव्हापासून टक्कर होऊन वा गाडी घसरून तिच्यात एकही प्रवासी दगावलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या मिनिटाची आपण स्तुती करतो ते मिनिट कोणीतरी आपल्या जिवावर तोलून धरलेले असते, आणि स्तुती करणाऱ्याने एकदा तरी त्याच्याकडे पाहावे.

वहीकर्त्यांनी ओझरते पाहिलेही आहे. परतीच्या एका साध्या गाडीत ते चालकाच्या पाठीमागच्या काचेशी उभे होते. चालक पांढरा हातमोजा घातलेला हात पुढे करून दर सिग्नलाकडे बोट दाखवी आणि मोठ्याने काही उच्चारी. वहीत लिहिले आहे, "बिचारा स्वतःशीच बोलत होता. मला हसू आले." हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु यार्डात आयुष्य गेलेल्या माणसास त्या चालकाची ओळख पटावयास नको होती काय? धान्य मोजणारा आमचा माणूस पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो आणि पुढचे प्रत्येक माप मोठ्याने उच्चारून टाकतो. ते देवाच्या आठवणीसाठी असते तसेच मोजणीत चूक होऊ नये म्हणूनही असते. डोळ्यांनी पाहिलेले बोटाने दाखवावे, तोंडाने बोलावे आणि कानांनी ऐकावे, म्हणजे सवयीने आलेली गुंगी मोडते. जपानी रेल्वेत ही रीत वाफेच्या इंजिनांच्या काळापासून चालत आली आहे. हे साम्य वहीकर्त्यांस दिसले असते, तर 'आपल्या लोकांच्या रक्तात' हे वाक्य त्यांच्या लेखणीतून उतरलेच नसते.

तिसरी गोष्ट यार्डाची. मार्केट यार्ड आम्ही पाहिलेले नाही असे कोणी समजू नये. पावसाळ्यात भाजीपाल्याचा जो रेंदा तेथे रस्त्यावर साचतो, त्यातून आम्हीही धोतर सावरून चाललो आहोत. त्याची तरफदारी आम्ही करणार नाही. परंतु पहाटे, पुणे झोपेत असताना, गाड्यांमागून गाड्या येऊन लागतात, कांदा, बटाटा, पाला, फळे ज्याच्या त्याच्या गाळ्यासमोर उतरतात, लिलाव होतात, आणि दिवस वर येतो तोपर्यंत तो माल शहराच्या दूरदूरच्या पेठांत पोहोचलेला असतो. हे बेशिस्तीने होते काय? ज्याच्या पाठीवर गोणी असते त्याची वाट अडवावयाची नाही, हा नियम तेथे कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही, आणि तो मोडलेला आम्ही पाहिलेला नाही. ही शिस्तही कोणाच्या रक्तातून आलेली नव्हे. बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत, १९६९ चा माथाडी कायदा, त्यापायी झालेले मोर्चे आणि वाटाघाटी यांतून हमालास ठरलेली मजुरी आणि म्हातारपणाची थोडी तजवीज मिळाली. मग कामासही रीत आली. ओसाकाच्या फलाटावरील रांग आणि गुलटेकडीच्या गाळ्यासमोरील वाट या एकाच जातीच्या वस्तू आहेत. एक पुरी झाली आहे, दुसरी अर्धी. अर्ध्या कामाची लाज वाटावी. पण ज्या हमालांनी ते अर्धे काम उभे केले, त्यांची लाज वाटून घेण्याचा अधिकार त्यांच्या पाठीवर धंदा करणाऱ्यास नाही.

इतके कठोर लिहिल्यावर आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण या वहीत काही पाने अशी आहेत की, ती हाती आली याचा आम्हांस मनापासून आनंद झाला. ओकायामा पांढऱ्या पीच फळासाठी प्रसिद्ध आहे. दिवस उन्हाळ्याचे होते. बागेकडे जाण्यासाठी ट्राम धरावयाची, ती सोडून हे गृहस्थ स्थानकाजवळील फळांच्या दुकानापुढे उभे राहिले, आणि तेथून पुढची सहा पाने आपले आडतदार आपल्याशी पुन्हा बोलू लागतात. फळ दाबून पाहण्यासाठी सवयीने हात पुढे गेला. दुकानातली बाई काही बोलली नाही. तिने फक्त त्या हाताकडे पाहिले. "मी दोन्ही हात पाठीमागे बांधले," असे वहीत आहे, "आणि शाळेतल्या मुलासारखा उभा राहिलो." मग फळ नुसत्या डोळ्यांनी पारखणे आले. देठाजवळचा रंग, खोबणीची सरळ रेघ, अंगावरची लव, प्रत्येक फळाला घातलेली जाळी, आणि एका पेटीत फळे किती थोडी, हे सारे त्यांनी टिपले. फळ झाडावर असतानाच त्यास कागदाची पिशवी घालतात, हे भिंतीवरच्या चित्रावरून त्यांस कळले. लगेच आडतदाराचे गणित सुरू झाले: एका फळास एक पिशवी, म्हणजे एका फळास दोनदा हात, एकदा घालावयास आणि एकदा काढावयास, शंभर झाडांस किती माणसे, किती दिवस? आमच्याकडे द्राक्षाच्या घडास कागद गुंडाळतात, पण तो घडास. येथे प्रत्येक फळास. शेवटी त्यांस पुरंदरचे अंजीर आठवले. तेही असेच नाजूक, बोटाचा दाब संध्याकाळी काळा होऊन उमटतो. तेही पानांत घालूनच यार्डात येते. "पण आम्ही पाटी आपटतो," असे एकच वाक्य लिहून त्यांनी परिच्छेद संपविला आहे.

वाचकहो, हे वाक्य आणि 'आपल्या लोकांच्या रक्तात शिस्त नाही' हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत आपली उणीव सांगितलेली आहे. परंतु पहिल्यात 'आम्ही' आहे, आणि बोलणारा त्यात आहे. पाटी आपटणारा हात त्याने स्वतः पाहिला आहे, कदाचित तो त्याचाच असेल. उद्या सकाळी ती पाटी हळू ठेवता येईल. दुसऱ्यातून उद्या सकाळी काहीच करता येत नाही. प्रवासवर्णनाने वाचकास काही द्यावयाचे असेल तर ते पहिल्या प्रकारच्या वाक्यातून मिळते, असे आमचे मत आहे. आणि अशी वाक्ये लिहिण्यास परदेशचे ज्ञान फार लागत नाही. आपल्या कामाचे ज्ञान लागते. ज्यास अंजीर ठाऊक होते त्यासच पीच दिसले.

बागेचे वर्णन त्या मानाने निराशा करते. तेथे पुन्हा माहितीपत्रक बोलू लागते. कोराकुएन ही बाग तेथील संस्थानिक इकेदा त्सुनामासा याने १६८७ साली आरंभून १७०० साली पुरी केली, वगैरे सर्व बरोबर उतरले आहे. परंतु त्याच बागेत भाताचे एक खाचर आहे व चहाची लागवड आहे, याची वहीकर्त्यांनी एका ओळीत बोळवण केली. संस्थानिकाच्या विलासाच्या बागेत भाताचे खाचर कशासाठी, हा प्रश्न शेतमालाच्या व्यापाऱ्याने विचारावयाचा नाही तर कोणी? बागेचे नावही अर्थपूर्ण आहे. 'मागाहून सुख घेण्याची बाग' असा त्याचा आशय. राज्यकर्त्याने चिंता लोकांच्या आधी वाहावी, सुख लोकांच्या मागून घ्यावे, या जुन्या चिनी नीतिवचनावरून ते घेतले आहे. हे नाव मिळाले १८७१ साली, आणि १८८४ साली बाग सर्व लोकांस खुली झाली. १९४५ च्या जूनमध्ये विमानांतून पडलेल्या बॉम्बांनी शेजारचा किल्ला जळाला व बागेचीही पुष्कळ हानी झाली. जुने नकाशे व चित्रे जपून ठेवलेली होती, त्यांवरून ती पुन्हा पूर्वीसारखी केली. म्हणजे वडिलांनी जी 'मूळ बाग' मनात धरली होती, तीही एका अर्थी मुळाबरहुकूम पुन्हा लावलेलीच आहे. वडिलांसाठी तेथवर गेलेल्या मुलाने बागेत पाऊल टाकल्यावर वडिलांचा उल्लेखही करू नये, याचे आम्हांस नवल वाटले.

नवल वाटले, म्हणून आम्ही ते पान पुन्हा वाचले. तेव्हा दिसले की, बागेच्या वर्णनाच्या शेवटी दोन ओळी लिहून खोडलेल्या आहेत. शाई गडद असली तरी अक्षर वाचता येते. "सकाळपासून माझ्याशी कोणी बोलले नाही आणि मीही बोललो नाही. हे मला आवडले. नाना बागेत एकटे का बसत ते कळले." या ओळी का खोडल्या असाव्यात, याचा आम्ही तर्क करू शकतो. ज्याचा धंदाच ओरडण्याचा, पहाटेपासून ज्याचा घसा भाव पुकारण्यात जातो, ज्याच्या घरी, गाळ्यावर, लग्नकार्यात बोलल्यावाचून एक घटका जात नाही, त्यास आपणांस गप्प बसणे आवडले असे चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटला असेल. बायकोमुलांस सोडून एकटे गेलो आणि ते गोड लागले, हेही लिहिणे त्यांस अवघड वाटले असेल. परंतु आम्हांस विचाराल तर या चौसष्ट पानांतील खरा प्रवास या दोन ओळींत आहे. गाडी पाऊण तासात ओकायामास पोहोचली. नानांच्या बाकापर्यंत पोहोचावयास त्यांस सारा दिवस लागला. एकट्याने प्रवास करण्याचे जे काही फळ असेल ते हेच. ते मंडळींबरोबर हिंडून मिळाले नसते.

तेव्हा आमचा अभिप्राय असा. वही छापावी, परंतु चौसष्ट पाने नव्हेत. तिकिटांची व भाड्यांची कोष्टके गाळावीत, कारण ती छापून होईतो बदलतील. शिस्तीची वीस पाने गाळावीत. चालकाचा प्रसंग ठेवावा, मात्र हसू आले त्यापुढे लाभाच्या मापाची आठवण घालावी. वडिलांच्या चार ओळी जशाच्या तशा राहाव्यात. पीचची सहा पाने अक्षरही न बदलता छापावीत. भाताच्या खाचराविषयी जे पाहिले असेल ते आठवून लिहावे, आणि खोडलेल्या दोन ओळी परत घ्याव्यात. इतके केल्यावर हाती पंधरा-सोळा पाने उरतील. अडतीच्या धंद्यात निवडलेला माल थोडा भरतो, म्हणून कोणी नाराज होत नाही.

वही आम्ही परवाच माणसाबरोबर परत पाठविली. त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने बारीक टिंबे दिली आहेत. खोडलेला मजकूर कायम ठेवावा, ही त्यांची खूण मुद्रणशोधक जाणतात. वहीकर्त्यांस ती ठाऊक नसेल, म्हणून येथे सांगून ठेवतो.